रायपूरचा गोल बाजार : मराठी प्रवाशांसाठी आवश्यक पार्श्वभूमी

छत्तीसगढची राजधानी रायपूर येथे कामानिमित्त, विवाहकार्यासाठी, तीर्थयात्रेसाठी किंवा बस्तरकडे जाताना मुक्कामापुरते थांबणाऱ्या मराठी प्रवाशांची संख्या लक्षणीय आहे. यातील बहुतेकांची पावले केव्हा ना केव्हा शहराच्या मध्यभागी असलेल्या गोल बाजाराकडे वळतात. पूजेचे साहित्य, लग्नाचा बस्ता, मसाले, वनौषधी, भांडी, बांगड्या, बांबूच्या वस्तू आणि धान्य एकाच परिसरात मिळणारी ही जुनी बाजारपेठ म्हणजे केवळ खरेदीचे ठिकाण नव्हे. एका बहुभाषिक राज्याचा परिचय येथे तासाभराच्या फेरफटक्यात होऊ शकतो. मात्र त्यासाठी काही माहिती आधीपासून असणे उपयुक्त ठरते.

एका देशाएवढे राज्य

१ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशातून वेगळे होऊन छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३५ हजार चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही ते कमी भरते, परंतु युरोपातील ग्रीस या देशापेक्षा किंचित अधिकच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या सुमारे २ कोटी ५५ लाख होती आणि त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ३०.६ टक्के होते. सात राज्यांच्या सीमा छत्तीसगढला भिडतात. महाराष्ट्राचे गोंदिया आणि गडचिरोली हे दोन जिल्हे त्याला लागून आहेत.

या भौगोलिक स्थितीमुळे राज्यात अनेक भाषा आणि बोली नांदतात. मैदानी भागात छत्तीसगढी, उत्तरेकडे सरगुजिया व कुडुख, तर दक्षिणेकडे गोंडी, हलबी, भतरी आणि दोरली बोलल्या जातात. यांपैकी हलबी ही मराठी वाचकांच्या विशेष कुतूहलाची बाब ठरावी. बस्तरमध्ये विविध जमातींना जोडणारी व्यवहारभाषा म्हणून वाढलेल्या या बोलीत छत्तीसगढी, ओडिया आणि मराठी या तिन्हींच्या खुणा आढळतात.

रायपूर शहरात याशिवाय व्यापार, नोकरी आणि विस्थापन या तीन कारणांनी अनेक समाज येऊन स्थिरावले. मारवाडी आणि गुजराती व्यापारी, फाळणीनंतर आलेली सिंधी व पंजाबी कुटुंबे, ओडिशातून आलेले श्रमिक, रेल्वे व शिक्षण क्षेत्रातील बंगाली आणि तेलुगू भाषक अशी ही यादी आहे. १९६४ नंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठी शहराजवळील माना येथे मोठी छावणी उभारण्यात आली होती. राज्याचे प्रमुख विमानतळ आज याच माना परिसरात आहे.

मराठी माणसाचे रायपूरशी नाते

रायपूरशी मराठी भाषेचा संबंध पर्यटनाहून पुष्कळ जुना आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी बंगालच्या मोहिमेवर जाताना रतनपूरच्या हैहयवंशी राजावर स्वारी केली आणि तेथील सत्ता भोसल्यांच्या अधीन आणली. १७५८ पासून रघूजी भोसले पहिले यांचे पुत्र बिंबाजी यांनी रतनपूर येथे राहून छत्तीसगढचा कारभार पाहिला. १७८७ मध्ये त्यांचे निधन झाले. रतनपूरच्या टेकडीवरील राममंदिर त्यांनी बांधले. दसऱ्याला सोने म्हणून पाने देण्याची छत्तीसगढमधील प्रथाही त्यांच्याच काळात रुजली, असे सांगितले जाते.

१८१८ नंतर काही वर्षे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी नागपूरच्या राजाच्या नावाने या प्रदेशाचा कारभार चालविला. याच काळात मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविण्यात आले आणि शहराच्या वाढीला चालना मिळाली. १८३० मध्ये कारभार पुन्हा भोसल्यांकडे आला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर तो पूर्णपणे ब्रिटिशांच्या हाती गेला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना होईपर्यंत रायपूरची प्रांतिक राजधानी नागपूरच होती. न्यायालये, शाळा, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिली ती या प्रशासकीय दुव्यामुळे. तात्यापारा ही वस्ती आणि चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ ही त्या वास्तव्याची ठळक चिन्हे आहेत.

या कुटुंबांनी स्थानिक जीवनात मोलाची भर घातली. मराठी मातृभाषा असलेले माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. समर्थ रामदासांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्य टिळकांचा ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ त्यांनीच हिंदीत आणले. सहकार चळवळीचे अग्रणी वामनराव लाखे यांचे नाव रायपूरच्या लाखेनगर वस्तीला देण्यात आले आहे.

या नात्याला दुसरीही बाजू आहे. मराठा सत्तेच्या विस्ताराची जी घटना महाराष्ट्रात अभिमानाने सांगितली जाते, तीच छत्तीसगढच्या स्थानिक इतिहासलेखनात स्वारी, दंडवसुली आणि जुन्या राजवंशाचा अस्त म्हणून नोंदविली गेली आहे. रतनपूर पडल्यानंतर राज्यावर एक लाख रुपयांचा दंड बसविण्यात आल्याचा उल्लेख तेथे हमखास येतो. दुकानात किंवा प्रवासात इतिहासाचा विषय निघाल्यास प्रवाशांनी ही जाणीव ठेवणे इष्ट ठरेल.

बाजाराचे स्थान आणि पोहोचण्याचे मार्ग

मुंबई-हावडा लोहमार्गावरील रायपूर हे महत्त्वाचे स्थानक आहे. मुंबईहून गीतांजली एक्स्प्रेस व नागपूरमार्गे जाणारी हावडा मेल, तर पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस या गाड्या रायपूरमार्गे जातात. मुंबईहून प्रवासास साधारणपणे १८ ते २० तास लागतात. नागपूर ते रायपूर हे रेल्वेने सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-बिलासपूर वंदे भारत एक्स्प्रेस सुरू झाल्याने विदर्भातील प्रवाशांची सोय झाली. रस्त्याने येणाऱ्यांसाठी भंडारा, देवरी, राजनांदगाव, दुर्ग आणि भिलाई असा राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे. विमानतळाला २०१२ मध्ये स्वामी विवेकानंदांचे नाव देण्यात आले. विवेकानंदांनी बालपणीचा काही काळ, १८७७ ते १८७९ या वर्षांत, रायपूरच्या बूढापारा भागात व्यतीत केला होता.

पूर्वी पंडरी येथे असलेले मुख्य बसस्थानक २०२१ मध्ये शहराच्या दक्षिणेकडील भाटागाव येथे हलविण्यात आले. जुन्या माहितीच्या आधारे पंडरीला उतरण्याचे नियोजन करणाऱ्यांची त्यामुळे गैरसोय होऊ शकते.

गोल बाजार रेल्वे स्थानकापासून सुमारे अडीच ते तीन किलोमीटरवर आहे. मालवीय रोड आणि सराफ्यासाठी प्रसिद्ध असलेला सदर बाजार त्याच्या निकटच आहेत. जवळची सर्वपरिचित खूण म्हणजे जयस्तंभ चौक. १८५६ च्या दुष्काळात धान्याचे कोठार उपाशी रयतेसाठी खुले करणारे सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी याच ठिकाणी फाशी देण्यात आल्याचे मानले जाते. बाजारातील गल्ल्या अरुंद आहेत. चारचाकी वाहन आत नेण्याचा प्रयत्न करू नये. वाहन जयस्तंभ चौकाच्या परिसरातील वाहनतळावर ठेवून पायी किंवा ई-रिक्षाने जाणे श्रेयस्कर.

काय मिळते, कशासाठी मिळते

गोल बाजारातील मालाची मांडणी समजून घेण्याची सोपी रीत म्हणजे छत्तीसगढी कुटुंबाच्या वर्षभराच्या गरजा ध्यानात घेणे. जन्म, विवाह, सणवार आणि उत्तरकार्य या प्रत्येक प्रसंगाचे साहित्य येथे एकाच फेरीत मिळते. आसपासच्या खेड्यांतील कुटुंबे लग्नाच्या खरेदीसाठी येथे येतात ती याच कारणाने.

विवाहाच्या साहित्यात ‘मौर’ म्हणजे बाशिंग, ‘पर्रा’ म्हणजे बांबूचे पसरट गोल ताट आणि ‘बिजना’ म्हणजे बांबूचा छोटा पंखा यांना मोठे महत्त्व असते. हळदीपासून सप्तपदीपर्यंत अनेक विधींत पर्रा-बिजना लागतो. बांबूच्या या वस्तू विणण्याचे काम परंपरेने कंडरा आणि कमार या समाजांतील कारागीर करतात. कमार ही केंद्र सरकारने विशेष असुरक्षित गटात समाविष्ट केलेली जमात असून तिची वस्ती प्रामुख्याने गरियाबंद आणि धमतरी जिल्ह्यांत आहे. सूप, परडी किंवा टोपली खरेदी करताना घासाघीस करण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की बांबू मिळविणे, तो चिरणे, सोलणे आणि विणणे या सर्व श्रमांचा मोबदला त्या लहानशा किमतीत सामावलेला असतो.

दुसरा महत्त्वाचा विभाग वनोपजाचा आहे. महाराष्ट्रात ज्याला चारोळी म्हणतात, त्या ‘चिरौंजी’चे छत्तीसगढ हे प्रमुख उत्पादक राज्य आहे. झाडाला आणि त्याच्या फळाला स्थानिक लोक ‘चार’ म्हणतात, त्यामुळे मराठी शब्दाचे मूळ येथे सहज उलगडते. चिंच, मोहफुले, हिरडा, बेहडा, आवळा, लाख, मध, डिंक आणि निरनिराळ्या मुळ्या रायपूरच्या बाजारात येतात त्या जंगलात वेचणी करणाऱ्या कुटुंबांकडून. एके काळी बस्तरमध्ये व्यापारी मिठाच्या बदल्यात तितक्याच वजनाची चारोळी घेत असत, ही शोषणाची कथा आजही सांगितली जाते. राज्याच्या लघु वनोपज सहकारी संघामार्फत आता अनेक वस्तूंना किमान आधारभूत दर दिला जातो आणि ‘छत्तीसगढ हर्बल्स’ या नावाने प्रक्रिया केलेला माल विकला जातो. शुद्धतेची खात्री हवी असणाऱ्यांना तो पर्याय उपलब्ध आहे.

तिसरा विभाग तांदळाचा. छत्तीसगढला ‘धान का कटोरा’ म्हटले जाते ते उगाच नव्हे. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात तेवीस हजारांहून अधिक धानवाणांचे नमुने जतन केलेले आहेत. त्यांचा पाया धानतज्ज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात केलेल्या संकलनाने घातला. सुवासिक तांदळांपैकी सरगुजा भागातील ‘जीराफूल’ला २०१९ मध्ये, तर धमतरी जिल्ह्यातील ‘नगरी दुबराज’ला २०२३ मध्ये भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. ‘विष्णुभोग’ हेही लोकप्रिय नाव आहे. नाव तेच सांगून दुसरा तांदूळ विकला जाण्याची शक्यता सर्वच बाजारांत असते. त्यामुळे थोडा तांदूळ हातावर चोळून वास पाहावा आणि प्रथम किलोभरच घ्यावा.

कोसा रेशीम आणि ढोकरा धातुकाम यांच्या खरेदीसाठी शासनाच्या हस्तशिल्प मंडळाची ‘शबरी’ आणि हातमागाची ‘बिलासा’ ही विक्री केंद्रे अधिक योग्य आहेत. खासगी दुकानातून कोसा घेताना ‘सिल्क मार्क’चे लेबल पाहावे. सुटा धागा जाळल्यास खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गाठ होते.

शब्दांचा फरक

राज्यात हिंदी सर्वत्र चालते. छत्तीसगढीला २००७ मध्ये राजभाषेचा दर्जा देण्यात आला. मराठी भाषकाला ही बोली कानाला ओळखीची वाटते, परंतु ओळखीचे वाटणारे शब्दच अनेकदा चकवितात. येथे ‘भाजी’ म्हणजे केवळ पालेभाजी होय. वांग्याला ‘भाटा’, टोमॅटोला ‘पताल’, कांद्याला ‘गोंदली’ आणि मिठाला ‘नून’ म्हणतात. ‘बासी’ हा शब्द ऐकून अन्न शिळे असल्याचा समज करून घेऊ नये. रात्री शिजविलेला भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा, मिरची व चटणीसह खाण्याचा तो उन्हाळ्यातील मानाचा आहार आहे. ‘कतका’ म्हणजे किती. वीस नगांच्या गटाला ‘कोरी’ म्हणतात. जुन्या मराठीतील ‘कोडी’ त्याच्याशी ताडून पाहता येईल. धान्य मोजण्याच्या ‘पैली’ आणि ‘काठा’ या मापांची नावे ग्रामीण विक्रेत्यांच्या तोंडी अजूनही ऐकू येतात. पैकी पैलीचे विदर्भातील पायलीशी असलेले नाते उघड आहे.

अभिवादनात समाजानुसार फरक आढळतो. ‘जय जोहार’ किंवा ‘राम राम’ सर्वत्र चालते. गुरू घासीदासांचे अनुयायी ‘जय सतनाम’ म्हणतात, तर कबीरपंथीयांत ‘साहेब बंदगी’ असे म्हटले जाते. वयस्क विक्रेतीला ‘दाई’, समवयस्क स्त्रीला ‘दीदी’ आणि वृद्ध पुरुषाला ‘बबा’ असे संबोधल्यास संभाषण सहज सुरू होते. मराठीतील एकेरी ‘तू’ ग्रामीण विदर्भात आपुलकीचा असला तरी हिंदीत अनोळखी विक्रेत्याला ‘तू’ म्हणणे अपमानास्पद समजले जाते. ‘आप’ वापरावा.

‘परदेसिया’ या शब्दाचाही परिचय असावा. अन्य प्रांतांतून येऊन स्थायिक झालेल्यांसाठी तो वापरला जातो आणि त्यामागे जमीन, नोकऱ्या व व्यापार बाहेरच्यांच्या हाती गेल्याची जुनी भावना आहे. महाराष्ट्रातील परप्रांतीयांविषयीच्या वादाशी तिचे साम्य सहज लक्षात येते. भूमिका मात्र येथे बदललेल्या असतात. रायपुरात मराठी भाषक हे बाहेरून आलेल्यांपैकी एक ठरतात, तर पूर्व नागपूरच्या अनेक वस्त्यांत गिरण्या व बांधकामांवर काम करण्यासाठी आलेली छत्तीसगढी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत.

पंचांगातील महिन्याचे अंतर

सणांच्या दिवसांत गोल बाजार सर्वाधिक गजबजतो आणि अनेक प्रवासी मुद्दाम त्याच सुमारास येतात. अशा वेळी एक बाब विसरू नये. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, तर छत्तीसगढसह उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो. परिणामी शुक्ल पक्षातील सण दोन्हीकडे एकाच नावाच्या महिन्यात येतात, परंतु कृष्ण पक्षात महिन्याची नावे भिन्न होतात.

याचे ठळक उदाहरण म्हणजे शेतीच्या अवजारांची पूजा करण्याचा ‘हरेली’ हा सण. तो श्रावण अमावास्येला असतो असे स्थानिक लोक सांगतील. मराठी दिनदर्शिकेत मात्र ती आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची आवस असते. मराठी दिनदर्शिकेतील श्रावण अमावास्येला पोहोचणारा प्रवासी हरेलीला एक महिना उशिरा येईल, परंतु त्याला त्या दिवशी पोळा पाहावयास मिळेल. कारण पोळा दोन्ही प्रदेशांत एकाच दिवशी असतो, फक्त छत्तीसगढमध्ये ती भाद्रपद अमावास्या मानली जाते. या दिवसांत बाजारात मातीचे चाकांचे बैल आणि मुलींसाठी मातीची जाती, चुली व बोळकी विक्रीस येतात.

पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी ‘तीजा’ येते. महाराष्ट्रातील हरितालिका ती हीच. विवाहित स्त्रिया या सणासाठी माहेरी जातात, त्यांना नेण्यासाठी भाऊ येतो आणि माहेरची साडी दिली जाते. या आठवड्यात बसगाड्या व पॅसेंजर गाड्यांना मोठी गर्दी असते. आरक्षण आधीच करावे. बेसनाची ‘ठेठरी’, कणीक व गुळाची ‘खुरमी’ आणि अनारशाची आठवण करून देणारा ‘अइरसा’ हे पदार्थ याच काळात घरोघरी होतात.

त्यानंतरचा गणेशोत्सव मराठी प्रवाशांना घरच्यासारखा वाटेल. गोल बाजारातील सार्वजनिक गणेशमूर्तीला चढविला जाणारा सोन्याचा मुकुट पाहण्यासाठी शहरभरातून लोक येतात. दिवाळीपूर्वी स्त्रियांचे गट टोपलीत मातीचा पोपट ठेवून ‘सुआ’ नृत्य करीत दुकानोदुकानी फिरतात. त्यांना तांदूळ किंवा पैसे देण्याची रीत आहे. पौष पौर्णिमेला ‘छेरछेरा’ असतो. नव्या पिकातील धान्य मागणाऱ्या मुलांना त्या दिवशी रिकाम्या हाताने परत पाठवीत नाहीत.

खरेदी करताना घ्यावयाची दक्षता

देशभरातील पूजासाहित्य आणि जडीबुटी विक्रीत काही निषिद्ध वस्तूही भाबड्या ग्राहकांच्या गळ्यात मारल्या जातात. ‘हत्थाजोडी’ नावाने विकली जाणारी वस्तू वनस्पतीचे मूळ नसून प्रत्यक्षात घोरपडीचा वाळविलेला अवयव असतो, हे २०१७ मध्ये प्रयोगशाळेतील तपासणीनंतर व्यापक प्रमाणावर उघड झाले. घोरपडीला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये सर्वोच्च संरक्षण आहे. ‘सियारसिंगी’, मोरपिसांखेरीज अन्य वन्यप्राण्यांची अंगे, खवल्या मांजराचे खवले, वाघनखे अशी कोणतीही वस्तू कोणत्याही शहरात स्वीकारू नये. ती बाळगणाराही कायद्याच्या कचाट्यात सापडतो आणि श्रद्धेने घेतली हा बचाव न्यायालयात टिकत नाही.

वनौषधी विकत घेताना विक्रेत्याने सांगितलेल्या गुणांवर विसंबून मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाच्या विकारांवरील चालू औषधे बंद करू नयेत. मुळ्यांची ओळख पटविणे तज्ज्ञांनाही सुक्या स्थितीत अवघड जाते. मोहफुलांची दारू सीमेपलीकडे नेण्याचा प्रयत्न करू नये. आदिवासींना घरगुती वापरासाठी असलेली सवलत प्रवाशांना लागू नाही.

डिजिटल पद्धतीने पैसे बहुतेक दुकानांत स्वीकारले जातात, परंतु जमिनीवर पसरा मांडून बसलेल्या विक्रेत्यांसाठी सुटे पैसे जवळ ठेवावेत. मोठ्या खरेदीची पावती घ्यावी. विक्रेत्यांची, विशेषतः स्त्रियांची आणि आदिवासी कारागिरांची छायाचित्रे परवानगीशिवाय घेऊ नयेत. संकटसमयी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

हवामान, आहार आणि पुढील प्रवास

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ प्रवासासाठी उत्तम होय. मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाऊ शकते. त्या दिवसांत दुपारी बाराच्या आत किंवा सायंकाळी पाचनंतर बाजारात जावे, पाणी सोबत ठेवावे आणि डोके झाकावे. तांदळाच्या पिठाचा ‘चीला’, उकडलेला ‘फरा’ आणि तळलेला ‘चौसेला’ हे पदार्थ शाकाहारी असून पोटालाही हलके आहेत. चौसेला तेवढा बेताने खावा.

बाजाराच्या फेरीला जोडून पाहता येतील अशी ठिकाणे शहरातच आहेत. १८७५ मध्ये राजनांदगावचे महंत घासीदास यांच्या देणगीतून उभे राहिलेले संग्रहालय, जुन्या वस्तीतील महामाया मंदिर, दूधाधारी मठ आणि खारून नदीकाठचे हाटकेश्वर मंदिर ही त्यांतील प्रमुख होत. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगने ज्या दक्षिण कोसलचे वर्णन केले, त्याची राजधानी असलेले सिरपूर रस्त्याने सुमारे ८० किलोमीटरवर आहे. रायपूर येथे फिरण्यासाठी कोणत्याही परवान्याची आवश्यकता नाही. बस्तरच्या अंतर्भागात जाण्याचा बेत असल्यास मुख्य मार्ग सोडण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाकडून सद्यःस्थिती जाणून घ्यावी.

बदलता बाजार

राजधानी झाल्यापासून रायपूरचा विस्तार झपाट्याने झाला. मंत्रालय आणि प्रमुख शासकीय कार्यालये नवा रायपूर येथे गेली, शहरात मॉल उभे राहिले आणि घाऊक व्यापाराचा मोठा भाग डुमरतराईसारख्या नव्या संकुलांकडे वळला. गोल बाजारातील दुकाने महापालिकेच्या जागेवर आहेत. दुकानदारांना मालकी हक्क देण्याची प्रक्रिया २०२० नंतर महापालिकेने हाती घेतली, तेव्हा त्यासाठीच्या शुल्कावरून व्यापारी आणि प्रशासन यांच्यात मतभेद झाले. अरुंद गल्ल्यांतील वाहतूक आणि आगीपासूनची सुरक्षितता हे प्रश्नही चर्चेत आहेत. पक्क्या दुकानांना हक्क मिळाले तरी दुकानांपुढे पसरा मांडून पर्रा, सूप, मातीचे बैल किंवा भाजी विकणाऱ्यांचे काय होणार, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. त्यांच्यापैकी अनेकांचा वर्षभराचा हिशेब पोळा, तीजा आणि लग्नसराई या मोजक्या आठवड्यांवर अवलंबून असतो.

प्रवाशाच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ असा की डबाबंद माल आणि भांडी कोणत्याही शहरात मिळतात. बांबूचे काम, मातीची खेळणी, चारोळी आणि स्थानिक तांदूळ यांवर केलेला खर्च मात्र थेट आसपासच्या खेड्यांपर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक असते. नागपूरला परतणाऱ्या गाडीत सूप किंवा पर्रा नेणे थोडे अडचणीचे वाटेल. दुकानदाराला सांगितल्यास तो वस्तू एकात एक रचून सुतळीने बांधून देतो आणि असे बिंडे बर्थखाली सहज मावते.